तेरा ठिकाणचं पाणी

पहाटे ४.३०

गजर होण्याआधी जाग येते ती रत्नागिरीची सवय. मिरकरवाड्यात आमच्या घरी घड्याळ भिंतीवर होतं, पण दिवस चालायचा भरती-ओहोटीवर. अण्णा होड्यांची मशीनं दुरुस्त करायचे, अजूनही करतात. बंदरात इंजिनाला कोणी इंजिन म्हणत नाही, ‘मशीन’ म्हणतात. रात्री दोनला तांडेल दार वाजवायचा, अण्णा पान्यांची पिशवी उचलायचे आणि कंदील धरायला मला न्यायचे. माझं शिक्षण तिथं सुरू झालं. मेंटेनन्सचं लायसन्स वगैरे नंतरच्या गोष्टी.

आता मी बारामतीत असतो. समुद्र लांब राहिला, आजूबाजूला ऊस आणि वर कोरडं आभाळ. वैमानिक तयार करणाऱ्या एका संस्थेच्या हँगरमध्ये मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे. घरी गेलो की मिरजोळ्याच्या धावपट्टीवरून तटरक्षक दलाचं डॉर्निअर डोक्यावरून जातं आणि अण्णा विचारतात, “तुझं असलंच काय रे?” मी म्हणतो, “नाही अण्णा, माझं याच्या पाचव्या हिश्शाएवढंही नाही.” माझं म्हणजे सेस्ना १७२. चार माणसांचं, एका पंख्याचं, पंख डोक्यावर घेतलेलं. १९५६ पासून चव्वेचाळीस हजारांहून जास्त तयार झाली. जगात दुसरं कुठलंच विमान एवढ्या संख्येनं बनलेलं नाही.

मेचा शेवटचा आठवडा आहे. रात्री अण्णांचा निरोप येऊन पडलाय: ‘१ जूनला बंदी. होड्या वर घ्यायला लागल्या. कामं पुष्कळ.’ निरोपात पुढे काही नाही. अण्णा फोनवरसुद्धा पाना धरल्यासारखंच बोलतात, जेवढ्यास तेवढं.

५.१०

हँगरचा दरवाजा ढकलला की पहिल्यांदा वास येतो, ॲव्हगॅस, ग्रीस आणि रबर यांचा मिळून. आत दोन सेस्ना उभ्या आहेत. एक १७२ पी, ऐंशीच्या दशकातली, माझ्यापेक्षा वयानं मोठी. दुसरी १७२ एस, समोर दोन मोठे पडदे असलेली. हँगरमध्ये पहिलीचं नाव आजी, दुसरीचं सूनबाई. कागदावर दोघींची व्हीटीनं सुरू होणारी नोंदणी आहे, पण हाक मारताना ती कोण वापरतं!

रोजचं पहिलं काम इंधनातलं पाणी काढायचं. हातात पारदर्शक कप घ्यायचा, त्याच्या मधल्या काडीनं पंखाखालचा झडप-खिळा वर दाबायचा, घोटभर इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. ॲव्हगॅस फिकट निळं असतं. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी मण्यासारखं बसतं. रात्रभर अर्धी रिकामी टाकी थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्याला धरते. कधी झाकणाचं रबर जुनं झालेलं असतं आणि पावसाचं पाणी झिरपतं.

आमचे जुने मास्तर, सगळे त्यांना काका म्हणतात, नव्या पोराला पहिल्या दिवशी एक खोडी करतात. कपात नुसतं पाणी भरून देतात आणि विचारतात, “कसंय?” पोरगं बघतं, मणी नाही, रेघ नाही, म्हणतं, “स्वच्छ आहे काका.” मग काका कप पांढऱ्या पंखाला टेकवतात. निळा रंग कुठाय? संपूर्ण कप पाण्याचा असला तर रेघ दिसणार कुठून? त्या दिवसापासून पोरगं आधी रंग बघतं, मग वास घेतं, मग मणी शोधतं.

आजीच्या पोटातून हे पाणी तीन ठिकाणी काढायचं: दोन पंखांखाली एकेक आणि नाकाखाली गाळणीचं एक. सूनबाईला तेरा ठिकाणं आहेत. प्रत्येक पंखाखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. नवीन कॅडेट या तेरांना कंटाळतात. रोज सकाळी तेच तेरा वेळा वाकणं. मी त्यांना एवढंच सांगतो, की तीनाचे तेरा कोणी हौसेनं केले नाहीत. टाकीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या पन्हाळीत पाणी अडून राहतं, विमान नाक वर करून चढायला लागलं की ते हलतं आणि नेमकं इंजिनाकडे जातं. कुठं कुठं अडतं हे कळायला काही इंजिनं हवेत बंद पडावी लागली.

६.००

उजाडलं. पहिली सॉर्टी सूनबाईची. कॅडेट विदर्भातली मुलगी, उड्डाणाचे साठेक तास झालेले. व्यावसायिक लायसन्ससाठी दोनशे लागतात. चोक काढले, पंखा फिरला. मी मुद्दाम बाजूला उभा राहतो, कारण मला आवाज ऐकायचा असतो.

उड्डाणापूर्वी १८०० फेऱ्यांवर इंजिन धरून मॅग्नेटो तपासतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, चार सिलिंडरांना आठ, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं ते यांच्यामुळे. किल्ली एकावर आणली की फेऱ्या थोड्या पडतात. दीडशेच्या आत पडल्या आणि दोघांतला फरक पन्नासच्या आत राहिला तर ठीक. मुलगी आकडा पडद्यावर बघते. मला तो कानात कळतो. एका प्लगवर तेल साचलं असेल तर आवाजाला बारीक अडखळ येते, बोलता बोलता माणसाला ठसका लागावा तशी. आज ठसका नाही.

सूनबाई निघाली. पंचावन्न नॉटला नाक उचललं, उसाच्या शेतावरून डावीकडे वळली. हे दृश्य मी हजारदा पाहिलंय, तरी चाकं जमीन सोडेपर्यंत मान वळवत नाही.

७.३०

कांदेपोहे आणि चहा. सोबत एक नवीन कॅडेट, प्रश्नांचं पोतं. “सर, हे इंजिन सलग किती वेळ चालू शकतं?”

मी त्याला लास वेगासची गोष्ट सांगतो. ४ डिसेंबर १९५८ ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघं सेस्ना १७२ घेऊन उडाले ते ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. चौसष्ट दिवस, बावीस तास, एकोणीस मिनिटं. टिम एका हॉटेलच्या जुगारखान्यात नाणी टाकायची यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणजे आपल्याच जातीचा माणूस. रिकाम्या सरळ रस्त्यावर ट्रक धावायचा, विमान त्याच्या डोक्यावर तेवढ्याच वेगानं यायचं, वरून हूक सोडून नळी ओढून घ्यायची आणि इंधन भरायचं. जेवणही तसंच दोरीनं वर. तेलसुद्धा हवेतच बदललं. शेवटी इंजिनात इतका कार्बन साठला की भरल्या टाकीनिशी विमान वर चढेना, तेव्हा उतरले.

पोरगा म्हणतो, “म्हणजे इंजिन हरलं!” काका चहाचा कप ठेवत म्हणतात, “अरे, त्यानं चौसष्ट दिवस सांगितलं की मला उघडा. ऐकलं कोणी?”

८.३०

आजचं मोठं काम आजीचा शंभर तासांचा चेक. काउलिंगचे स्क्रू काढून नाकावरचा पत्रा उचलला की इंजिन उघडं पडतं: चार सिलिंडर, दोन इकडे, दोन तिकडे, आडवे झोपलेले. सूनबाईच्या इंजिनात इंधन थेट फवारलं जातं; आजीला अजून कार्बोरेटर आहे. दमट हवेत कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो, बाहेर तीस अंश असले तरी. बारामतीच्या मेमध्ये हे कोणाला पटत नाही. कोकणातल्या श्रावणाची हवा अंगावर घेतलेल्याला लगेच पटतं. त्यासाठी गरम हवेची एक कळ दिलेली असते. सूनबाईत ती कळच नाही, कारण ते दुखणंच नाही. पण फवारणीला दाब लागतो, म्हणून तिच्यात विजेचा पंप आला. आजीचं इंधन मात्र पंखातून आपल्या वजनानं खाली येतं, गच्चीवरच्या टाकीतून मोरीत पाणी यावं तसं. एक गेलं, एक आलं.

पहिली तपासणी दाबाची. सिलिंडरमध्ये ८० पौंडांची हवा सोडायची आणि किती टिकते ते दुसऱ्या घड्याळात बघायचं. पहिला ७५, दुसरा ७४, तिसरा ७६, चौथा ६६. हवा कुठून निसटते हे शोधायला कान लावायचा. तेलाच्या नळीत फुसफुस आली तर रिंगा, हवेच्या तोंडाशी आली तर आत घेणारी झडप, धुराड्यात आली तर बाहेर टाकणारी. फुसफुस धुराड्यात आहे. अण्णांनी होडीच्या मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाशी धरायला शिकवलं होतं, तेच इथं उपयोगी पडतं. झडपेच्या बैठकीवर कार्बनचा कण अडकला असेल असा अंदाज. विमान बाहेर ढकललं, इंजिन तापवलं, परत आणलं, परत मोजलं. ७१. कण निघाला. कागदावर दोन्ही आकडे लिहायचे, चांगला तेवढाच नाही. पुढच्या वेळी जो माणूस हे वाचेल त्याला ६६ माहीत असायला हवा.

मग तेलाचा फिल्टर. तो नुसता बदलायचा नसतो. डबा कापायचा, आतला घड्यांचा कागद पदरासारखा उलगडायचा आणि उन्हात धरून धातूची चकाकी शोधायची. लोहचुंबक फिरवायचं. आजीचा कागद काळा आहे, पण मुका आहे. बरं वाटलं.

१०.३०

दिवसाचा गाभा इथं आहे, आणि तो दिसायला अगदीच सामान्य. वैमानिकाची सीट दोन रुळांवर मागे-पुढे सरकते. रुळांना ओळीनं भोकं असतात, सीटची खीळ त्यातल्या एकात बसते. बस्स. एसटीच्या ड्रायव्हरची सीट याहून वेगळी नाही.

पण ड्रायव्हरची सीट मागे सरकली तर तो शिव्या घालून ती पुढे घेतो. विमानात काय होतं ते बघा. पूर्ण ताकदीनं विमान चढतंय, नाक वर आहे, भार मागे आहे. भोक झिजून लांबट झालंय, खीळ अर्धीच बसलीय. सीट सुटते आणि माणूस मागे जातो. मागे जाणारा माणूस हाताला येईल ते पकडतो आणि हातात असतो योक, म्हणजे विमानाचं सुकाणू. तो ओढला की नाक आणखी वर जातं, वेग मरतो, पंख हवा सोडतात. खाली दोनशे फुटांवर जमीन असते. खिळीच्या झिजलेल्या भोकानं माणसं गेली आहेत. अमेरिकेच्या विमान प्रशासनानं १९८७ मध्ये या रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला तो त्यामुळे. सीट सुटलीच तर तिला अडवणारा दुसरा पट्टा नंतर आला. नव्या सेस्नांच्या सीट २६ जीच्या झटक्याला टिकतात की नाही हे तपासून मगच बसवतात.

मी आजीची सीट काढली, रूळ पेट्रोलनं पुसले, बॅटरी लावून गुडघ्यांवर बसलो. भोकं मोजायला लागलो. पाचवं भोक. बहुतेक सगळे कॅडेट सारख्याच उंचीचे, म्हणून खीळ सारखी तिथंच बसते. गोल राहिलेलं नाही, अंड्यासारखं झालंय. गेज घातलं. मर्यादेच्या बाहेर, केसभरच, पण बाहेर. परत मोजलं. मग धाकट्या टेक्निशियनला न सांगता मोजायला लावलं, माझा आकडा त्याच्या डोक्यात नको म्हणून. त्याचाही तोच आला.

लाल पट्टी आणली आणि योकला बांधली. आजी ग्राउंड.

दुपारी १२.००

फ्लाइंग ऑफिसातून फोन. इन्स्ट्रक्टर सर वैतागले आहेत, आणि त्यांचं चूक नाही. चार कॅडेटचे संध्याकाळचे तास गेले. एका मुलाचा तीनशे नॉटिकल मैलांचा एकट्याचा लांबचा प्रवास उद्यावर होता, तोही अडला. “सीट एक भोक पुढे घेऊन उडवता येणार नाही का? ते भोक वापरायचंच नाही.”

विचार सोपा आहे, मोहाचा आहे. मी म्हणालो, “सर, ते भोक वापरायचं नाही हे तुम्हाला माहीत, मला माहीत. खिळीला कोण सांगणार?” फोन ठेवला गेला. नव्या रुळाची मागणी टाकली. येईल तेव्हा येईल.

या भोकाचा आणि विमानाच्या इतिहासाचा संबंध फार जवळचा आहे. १९८६ मध्ये सेस्नानं छोटी विमानं बनवणंच थांबवलं, १७२ सुद्धा. अमेरिकेत तीस-तीस वर्षं जुन्या विमानांच्या अपघातांसाठीही बनवणाऱ्यावर खटले होत होते आणि विम्याचा खर्च आवाक्याबाहेर गेला होता. दहा वर्षं हे विमान बाजारातून गायब होतं. १९९४ मध्ये कायदा झाला, की छोटं विमान अठरा वर्षांपेक्षा जुनं असेल तर बनवणाऱ्यावर त्याचं उत्तरदायित्व येत नाही. मग १९९६ मध्ये कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्स गावी नव्या कारखान्यात १७२ आर बनू लागलं, दोन वर्षांनी १७२ एस, म्हणजे आमची सूनबाई. अठरा वर्षांनंतरची जबाबदारी गेली कुठं? आमच्याकडे. गुडघ्यावर बसून बॅटरी धरणाऱ्याकडे.

१.१५

डबा. चवळीची उसळ, भाकरी आणि आईनं पाठवलेल्या आमसुलाचं सार. बाहेर ऊन इतकं, की एप्रनवर पाय ठरत नाही. गरम हवा विरळ असते. पंखाला आधार कमी, इंजिनाला श्वास कमी. चार आसनं आहेत म्हणून चार माणसं बसतात असा समज करून घेऊ नये. टाक्या भरल्या, दुपार झाली, तर सूनबाईचे १८० घोडेसुद्धा दोन माणसांनाच नीट उचलतात. म्हणून दुपारी उड्डाणं बंद.

काका हँगरच्या सावलीत आरामखुर्चीवर. ते पुष्पक विमानावर शिकलेले. पुष्पक कापडी पंखांचं, दोन आसनांचं, ९० घोड्यांचं. पंखाच्या कापडाला डोप नावाचं रसायन फासायचं, ते सुकलं की कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणायचं. काका अजून बोटानं टिचकी मारून दाखवतात, कसा आवाज यायला हवा ते. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान हिंदुस्थान एअरक्राफ्टचं. तिथले मुख्य आरेखक विष्णु माधव घाटगे, कोल्हापूरकडचे, गटिंगनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. १९५१ ला उडालेलं एचटी-२ हे आपलं पहिलं स्वदेशी विमानही त्यांचंच. पुष्पकांनी देशभरच्या फ्लाइंग क्लबांना वैमानिक दिले.

“मग चार आसनी का नाही केलं आपण?” हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. अगदीच काही झालं नाही असं नाही. बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आणि महिंद्र यांनी मिळून केलेलं पाच आसनी एनएम-५ हे १ सप्टेंबर २०११ ला ऑस्ट्रेलियात उडालं. उत्पादनाच्या वाटेला मात्र लागलं नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी तर कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ ला मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ ला त्याची नोंदणी झाली. पहिलं विमान उडवणं कर्तबगारीचं आहेच. पण एकच विमान असलं तर त्याच्या सीटचं पाचवं भोक किती वर्षांनी झिजतं हे कोणाला कळणार? त्याला हजारो विमानं, लाखो तास आणि ते सगळं लिहून ठेवणारी माणसं लागतात. काका डोळे मिटून म्हणतात, “विमान बनवायला एक माणूस पुरतो रे, मुरवायला पिढी लागते.” लोणच्याचीच भाषा, पण खरी.

२.४५

कागदाचं काम. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पाने फिरवतो. निम्मा वेळ पेन फिरवतो. जे केलं ते लिहायचं, जे लिहिलं त्यावर सही करायची. सही म्हणजे लायसन्स पणाला लावणं.

आदेशांची फाइल चाळताना हे विमान कसं घडलं ते उलगडत जातं. त्याच्या आधीचं सेस्ना १७० हे शेपटीखाली चाक असलेलं, जमिनीवर गिरकी खाणारं. १७२ मध्ये ते चाक काढून नाकाखाली दिलं आणि मोटार चालवणाऱ्यालाही विमान उतरवता येईल अशी जाहिरात झाली. पहिल्याच वर्षी हजाराच्या वर विमानं गेली. १९६० ला शेपूट तिरकी केली, ती निव्वळ दिसायला, त्या काळच्या मोटारींसारखी. १९६३ ला मागे काच आली. १९६८ ला सहा सिलिंडरचं कॉन्टिनेंटल जाऊन चार सिलिंडरचं लायकमिंग आलं, त्याचा किस्सा वेगळाच. कंपनीला १७२ बंद करून तिच्या जागी कार्डिनल नावाचं नवीन, देखणं विमान आणायचं होतं. इंजिनं त्याच्यासाठी ठरवली होती. कार्डिनल १९७८ ला बंद पडलं. जिला निवृत्त करायचं होतं ती अजून कामावर आहे.

१९७७ ला १६० घोड्यांचं नवीन इंजिन आणलं, तर त्याचा कॅमशाफ्ट झिजायला लागला. १९८१ ला ते बदललं, ती आमची आजी. त्याच वर्षी फ्लॅप चाळीस अंशांवरून तीसवर आणले; जुने वैमानिक अजून त्या चाळिसांसाठी हळहळतात. उतरायला ब्रेक लागल्यासारखे असायचे, पण ते खाली ठेवूनच परत चढायची वेळ आली तर विमान चढायला तयार नसायचं.

फाइल मिटताना दर वेळी एकच जाणवतं. या विमानात कोणी एका दिवशी क्रांती केली नाही. एकेक दुखणं हेरलं, एकेक औषध दिलं, औषधाचं नवीन दुखणं निघालं, त्याचं पुन्हा बघितलं.

४.३०

ऊन उतरलं, सर्किट सुरू. सूनबाई वर-खाली करतेय. पाचव्यांदा उतरताना कॅडेटनं तिन्ही चाकं एकदम टेकवली, मग नाकाचं चाक आधी, मग उडी, मग पुन्हा. पोर्पॉइझिंग म्हणतात याला. आमच्याकडे ‘बेडकाच्या उड्या’. मी हात वर करून परत बोलावलं.

नाकाखालच्या चाकानं गिरकीचा रोग गेला, आणि हा रोग आला. चाकाचा दणका वर इंजिनामागच्या लोखंडी भिंतीवर, फायरवॉलवर जातो. पत्र्याला सुरकुती पडते. मी आडवा झोपून बॅटरीच्या तिरप्या उजेडात भिंतीचा खालचा भाग बघतो. सरळ उजेडात सुरकुती दिसत नाही, तिरप्यात सावली धरते. रिव्हेटच्या भोवती काळी धूळ आहे का? नाही. पंख्याची टोकं जमिनीला लागली का? नाही. नाकाच्या पायाची डुगडुग थोपवणारा डँपर कोरडा आहे. चाललं.

मुलगा शेजारी उभा, चेहरा उतरलेला. “सर, माझ्यामुळे…” मी म्हणालो, “तुझ्यामुळे काही झालेलं नाही. पण दणका बसला हे लॉगमध्ये लिही. लपवलास तर झालं असतं.” त्यानं लिहिलं. अक्षर थरथरलं, पण लिहिलं.

७.००

सूर्य गेला. पाने मोजायचे. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली आहे. रिकामी आकृती दिसली की हँगर बंद होत नाही. आज दहाच्या पान्याची जागा रिकामी. सगळे हातातलं सोडून शोधायला. एक पाना इंजिनात राहणं म्हणजे काय हे इथं कोणाला समजावावं लागत नाही. तो सापडला माझ्याच खिशात. पोरं हसली नाहीत, हे मला आवडलं. मी पाना जागेवर लावला आणि वहीत माझं नाव लिहिलं.

८.३०

खोलीवर येऊन अण्णांना फोन. त्यांनी दिवसभरात दोन मशीनं उघडली. एकाच्या कूलिंगच्या नळीत शिंपले, दुसऱ्याच्या शाफ्टला चर. “दोन महिने होडी वर असते तेवढ्यात बघून घ्यायचं. नाहीतर नारळी पौर्णिमेला दर्यात गेलं की मशीन सांगेल, आणि दर्या काय थांबतो?”

मी त्यांना पाचव्या भोकाचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग विचारलं, “बदललंस?”

“सामान यायचंय. उभं करून ठेवलंय.”

“बरं केलंस.” मग आईचा आवाज, जेवलास का, आणि फोन बंद.

उद्या पहाटे साडेचारला उठायचंय. आजी उभी राहील, सूनबाई उडेल. तीनांचा हिशोब उद्या नाही. तेरा ठिकाणी वाकायचंय.